‘से’ आणि ‘टेल’ : प्रतिशब्दांची मर्यादा

इंग्रजीतील ‘से’ व ‘टेल’ ह्या क्रियापदांना अनुक्रमे ‘म्हणणे’ व ‘सांगणे’ हे प्रतिशब्द देण्याचा प्रघात आहे. अर्थाच्या दृष्टीने ही जोडणी बहुतांशी योग्य होय. ‘से’ व ‘म्हणणे’ यांचा रोख उच्चारलेल्या शब्दांवर, तर ‘टेल’ व ‘सांगणे’ यांचा रोख ती गोष्ट दुसऱ्यास कळविण्यावर असतो. परंतु अर्थसाम्यावरून प्रयोगसाम्य गृहीत धरणे, हा ह्या प्रघाताचा मूलगामी दोष आहे.

मराठी भाषक विद्यार्थ्याच्या लेखनात ‘ही सेड मी’ आणि ‘ही टोल्ड दॅट’ अशी वाक्ये आढळतात. पहिल्यात श्रोता ‘टू’वाचून आला आहे, दुसऱ्यात तो गळाला आहे. हे दोष परस्परविरुद्ध भासले, तरी त्यांचे मूळ एकच. ‘तो म्हणाला’, ‘तो मला म्हणाला’, ‘त्याने सांगितले’, ‘त्याने मला सांगितले’ ही चारही वाक्ये मराठीत निर्दोष आहेत. श्रोत्याचा निर्देश ऐच्छिक असतो, आणि केला तर दोन्हीकडे चतुर्थीनेच होतो. इंग्रजीत मात्र ‘दॅट’ने आरंभ होणाऱ्या उपवाक्यापूर्वी ‘टेल’ला श्रोता हवा, आणि ‘से’ला श्रोता जोडावयाचा तर ‘टू’ हवा.

मराठी हा भेद अन्यत्र दाखविते. ‘तो म्हणाला’ येथे कर्ता प्रथमेत, ‘त्याने सांगितले’ येथे तृतीयेत आहे. (‘म्हटले’ हे रूप योजल्यास मात्र ‘त्याने’ येते.) सारांश, इंग्रजीतील भेद श्रोत्याच्या ठायी प्रकटतो, मराठीतील कर्त्याच्या ठायी.

नांदेड व लातूर ह्या जिल्ह्यांत ह्या प्रश्नास आणखी एक पदर आहे. तेलंगण-कर्नाटकाच्या सीमेलगतच्या बोलींत ‘मी सांगितलो’ असा प्रयोग ऐकू येतो. तेथे कर्त्याच्या ठायीचा भेदही मावळतो. उलट, ‘येतो म्हणून सांगितले’ ह्या वाक्यात दोन्ही धातू एकत्र नांदतात : ‘म्हणून’ उक्ती वाहून आणते, ‘सांगितले’ ती पोचविते. तेलुगूतील ‘अनि’ व कन्नडातील ‘एंदु’ यांची घडण अशीच, म्हणजे ‘म्हणणे’ ह्या अर्थाच्या धातूपासूनची आहे. इंग्रजी ‘दॅट’चा ‘से’शी असा काही संबंध नाही.

तेव्हा उपर्युक्त वाक्यांना निष्काळजीपणाचे फळ मानणे अन्यायाचे होय. त्यांत मातृभाषेचा नियमच इमानाने पाळलेला असतो. क्रियापद सुटे न शिकविता त्याच्या संपूर्ण वाक्यबंधासह शिकविणे, आणि त्या बंधाची विद्यार्थ्याच्या बोलीशी तुलना करणे, हाच ह्यावरील योग्य उपाय ठरेल.