वयांत येण्याचा काळ आणि मनाचा ओढा

मूल कोणत्या वर्षीं वयांत आलें यावरून मोठेपणीं त्याचा ओढा स्त्रीकडे जाईल कीं पुरुषाकडे, हें सांगतां येईल काय? सभ्य घरांत हा प्रश्न कशाला, असें कांहीं वाचकांस वाटेल. परंतु पाश्चात्त्य संशोधक तो गेलीं पाऊणशें वर्षें विचारीत आले आहेत. त्यांचीं उत्तरें अर्धीमुर्धी होऊन आमच्या घरांत पोंचलीं आहेत, आणि तेवढ्यावर भिस्त ठेवून आईबाप मुलांच्या आयुष्याचे निर्णय करीत आहेत. तेव्हां तीं उत्तरें नीट तपासून घेणें प्राप्त आहे.

मराठी वाचकांपुढें असले विषय आडपडदा न ठेवतां मांडण्याचें धैर्य रघुनाथ धोंडो कर्वे यांनीं दाखविलें. पूर्वीं विल्सन कॉलेजांत गणित शिकविलेल्या या गृहस्थांनीं 1927 च्या जुलैंत ‘समाजस्वास्थ्य’ मासिक काढलें. 1934 सालीं त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला, तो हस्तमैथुन व समलिंगी आकर्षण यांविषयींच्या वाचकांच्या प्रश्नांस दिलेल्या उत्तरांवरून. कर्व्यांचे वकील होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. शंका विचारणाऱ्यास ज्ञान द्यावयाचें नाहीं काय, असा त्यांचा मुद्दा होता, आणि हॅवलॉक एलिस यांच्या ग्रंथांचा त्यांनीं आधार घेतला. न्यायाधीशांस तो पटला नाहीं. कर्व्यांस 200 रुपये दंड झाला. प्रश्नास हरकत नाहीं, उत्तर मात्र नको, हा दंडक आमच्या पुष्कळ घरांत अद्याप चालू आहे.

आतां मूळ संशोधनाकडे वळूं. 1948 सालीं अमेरिकेंत आल्फ्रेड किन्से यांनीं हजारों पुरुषांच्या मुलाखतींवरून जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यांत लवकर वयांत आलेल्या मुलग्यांत समलिंगी संबंधांचें प्रमाण अधिक आढळल्याची नोंद आहे. 1981 सालीं मायकेल स्टॉर्म्स यांनीं उपपत्ति मांडली ती अशी: लहान वयांत मुलगे मुलग्यांतच वावरतात, ज्याची वासना त्याच वेळीं जागी होते, तिला जवळचा सवंगडीच सांपडतो, जो उशिरां वयांत येतो त्याच्या अवतींभोंवतीं तोंवर मुलीहि आलेल्या असतात. पुढें 2002 सालीं अँथनी बोगार्ट व त्यांचे सहकारी यांनीं ब्रिटनमधील राष्ट्रव्यापी पाहणीचे आंकडे तपासले. पुरुषांकडे, किंवा दोहोंकडे, ओढा असलेल्या पुरुषांनीं आपण तुलनेनें लवकर वयांत आल्याचें सांगितलें. स्त्रियांत मात्र असा फरक दिसला नाहीं.

‘सांगितलें’ या क्रियापदावर वाचकांनीं बोट ठेवावें. हा सारा पुरावा पुष्कळ वर्षांनंतरच्या आठवणींचा आहे. आपण इतरांहून वेगळे आहोंत हें ज्याला लहानपणींच खुपलें, त्याला तीं वर्षें निराळ्या रीतीनें आठवणार, हा संभव उघड आहे. आमच्या कांदिवलींत सचिन तेंडुलकर जिमखाना आहे. क्रिकेटच्या वेडानें झपाटलेल्या मुलांची इकडे वाण नाहीं. 16 वर्षांखालच्या सामन्यांसाठीं क्रिकेट मंडळ मुलाच्या वा बापाच्या शब्दावर विसंबत नाहीं. मनगटाचें क्ष-किरण चित्र काढून हाडांची वाढ पाहतें. (त्यांतहि गोम आहेच. हाडें पक्वता सांगतात, जन्मतारीख नव्हे. म्हणून लवकर वाढलेला खरा पंधरा वर्षांचा मुलगा बाद होऊं शकतो.) त्या पद्धतीशीं ज्यांचें नांव जोडलेलें आहे, त्या टॅनर यांनीं इंग्लंडांतील मुलांची वाढ वर्षानुवर्षें प्रत्यक्ष पाहून नोंदली. निरोगी मुलगे 9 व्या वर्षापासून 14 व्या वर्षापर्यंत केव्हांहि वयांत येऊं लागतात. एवढ्या मोठ्या पल्ल्यांतील सरासरी फरकावरून एकट्या मुलाचें भविष्य वर्तविणें म्हणजे कुडमुड्या जोशाचा धंदा होय.

स्टॉर्म्स यांची उपपत्ति तर महाराष्ट्राच्या अनुभवावर घासून पाहतांच फिकी पडते. आमच्या आजोबांच्या पिढींतले पांढरपेशे मुलगे मुलग्यांच्या शाळेंत शिकले, वारावर जेवले, वसतिगृहांत एकत्र राहिले. परक्या मुलीशीं चार शब्द बोलण्याचा प्रसंग लग्नापूर्वीं त्यांस बहुधा आला नाहीं. लवकर आलेले काय आणि उशिरां आलेले काय, सगळेच त्या एका मेळ्यांत वाढले. सहवासानें ओढा ठरत असता, तर त्या पिढींतल्या बहुतेकांचा ओढा पुरुषांकडेच वळावयास हवा होता. शिवाय मुलीहि मैत्रिणींतच वाढतात. मग त्यांच्यांत तो फरक कां दिसूं नये?

आणखी एक गोष्ट आहे. 2000 सालीं गिल्बर्ट हर्ट व मार्था मॅक्लिंटॉक यांनीं दाखविलें कीं, पहिलें आकर्षण सरासरीनें 10 व्या वर्षाच्या सुमारास जाणवतें, मग तें कोणाकडेहि असो. म्हणजे पुष्कळांच्या बाबतींत आवाज फुटण्यापूर्वींच ओढ्यानें आपली दिशा धरलेली असते. बोगार्ट यांस आढळलेला फरक खरा असूं शकेल. दोहोंचें मूळ जन्मापूर्वींच्या एखाद्या तिसऱ्याच गोष्टींत असूं शकेल. 2019 सालीं 4 लाख 77 हजारांवर लोकांच्या जनुकांची तपासणी प्रसिद्ध झाली. तींतहि ओढा ठरविणारें एकच जनुक असें सांपडलें नाहीं.

गेल्या वर्षीं येथील एक सुशिक्षित गृहस्थ आमच्याकडे आले. मुलाचा आवाज सहावींतच फुटला, त्यांत त्याला मुलग्यांच्या वसतिगृहांत ठेवलें, तेथेंच सारें बिघडलें, अशी त्यांची समजूत. मुलगा आतां 26 वर्षांचा, चांगल्या नोकरीवर; आपला ओढा पुरुषांकडे आहे हें त्यानें आईस स्वच्छ सांगितलेलें. 2018 च्या सप्टेंबरांत सर्वोच्च न्यायालयानें प्रौढांचे परस्परसंमतीचे असे संबंध 377 कलमांतून वगळले, आणि हा ओढा ‘बरा’ करूं पाहणारे उपचार राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानें 2022 सालीं व्यावसायिक गैरवर्तन ठरविले, हें आम्हीं त्यांस सांगितलें. वरील आंकडेहि समजावून दिले. डॉक्टरांकडे नेणार नाहीं, एवढें त्यांनीं कबूल केलें. पण लग्न झालें म्हणजे वळणावर येईल, ही आशा सोडवत नाहीं, म्हणाले. पुण्याचें एक स्थळ सांगून आलें होतें. त्या मुलीस ही हकीकत आधीं कळविणार काय, असें आम्हीं विचारलें. गृहस्थ उठले आणि चपला घालूं लागले.