कोर्टाची पायरी आणि बॅरिस्टर गांधी

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, ही म्हण आपल्याकडे शाळेत न जाताही पाठ होते. माझ्या वडिलांनाही ती पाठ होती. तरी ते ती पायरी बावीस वर्षे चढले. दोन एकर शेताच्या वाटणीचा दावा आणि प्रतिवादी सख्खे चुलतभाऊ. वडील मराठी सातवी शिकलेले. त्यांची साक्ष मराठीत झाली, कागद कानडीत येत आणि वकिलांचे आपसांतले बोलणे इंग्रजीत चाले. तारीख संपली की ते वकिलांच्या कारकुनाला विचारीत, "आज काय झालं हो?" शेवटी दावा आम्ही जिंकलो. पण दोन घरांतले जाणे-येणे जे थांबले, ते आजतागायत.

दहावीच्या मुलांसाठी उतारे निवडताना गांधीजींची आत्मकथा मी पुन्हा वाचली, ती हे ओझे मनात ठेवूनच. १९२५ ते १९२९ या काळात 'नवजीवन'मधून गुजरातीत क्रमशः आलेले हे पुस्तक आपण साधकाचे किंवा पुढाऱ्याचे चरित्र म्हणून वाचतो. त्यात एका वकिलाने आपल्या धंद्याचा मांडलेला चोख हिशेबही आहे, याकडे आपले लक्ष जात नाही.

हा हिशेब अपयशापासून सुरू होतो. १८९१ साली बॅरिस्टर होऊन आलेला हा तरुण मुंबईच्या स्मॉल कॉज कोर्टात ममीबाईच्या खटल्यात उलटतपासणीला उभा राहतो, त्याचे डोके गरगरते आणि तो खाली बसतो. तीस रुपये फी परत करून दुसरा वकील नेमायला सांगतो. पुढे पोटासाठी एका हायस्कुलात रोज तासभर इंग्रजी शिकवायची नोकरी मागतो, तर पदवीधर नाही म्हणून मुख्याध्यापक त्याला नाकारतात. आम्हा मुख्याध्यापकांच्या जमातीने काय गमावले, याचा मला वाचताना दर वेळी संकोच वाटतो. राजकोटात अर्ज लिहून महिना सुमारे तीनशे रुपये मिळू लागले. पण मुंबईत दलालांना नाकारलेले कमिशन तिथे वकिलांना द्यावे लागले, हेही ते लपवत नाहीत. आत्मचरित्रात हार सांगणारे पुष्कळ असतात. तडजोड सांगणारे थोडे.

पुस्तकातला वकिलीचा खरा गाभा दादा अब्दुल्ला विरुद्ध तय्यब शेठ या दाव्यात आहे. दावा चाळीस हजार पौंडांचा. दोघेही पोरबंदरचे आणि एकमेकांचे नातलग. हा तरुण जमाखर्च शिकतो, कागद उलगडतो. आपल्या अशिलाची बाजू भक्कम आहे, पण वकिलांच्या फीमध्ये दोघेही बुडणार, हे त्याच्या ध्यानात येते. तो दोघांना लवादाकडे नेतो. निकाल दादा अब्दुल्लांच्या बाजूने, सदतीस हजार पौंड आणि खर्चाचा लागतो. इथे सामान्य वकील थांबला असता. पण सगळी रक्कम एकदम मागितली तर तय्यब शेठ दिवाळे काढतील, म्हणून गांधीजी आपल्याच अशिलाकडून लांब मुदतीचे हप्ते कबूल करून घेतात. हे काम लवादापेक्षा अवघड गेले, असे ते नोंदवतात. जिंकणाऱ्याला आवरणारा वकील माझ्या वडिलांना भेटला असता तर, हा विचार या पानावर मला चुकवता आला नाही.

तरीही श्रद्धेने वाचणे म्हणजे डोळे मिटून वाचणे नव्हे. हा समेट जमला, कारण दोघेही पैसेवाले व्यापारी होते आणि दोघांनाही बाजारातली अब्रू प्यारी होती. एक पक्ष दुबळा असला म्हणजे काय होते? याचे उत्तर याच पुस्तकातल्या बालसुंदरमच्या प्रकरणात आहे. गोऱ्या मालकाने त्याला मारून दात पाडले. गांधीजींनी त्याला मॅजिस्ट्रेटसमोर नेले. पण मालकाला शिक्षा व्हावी असा हट्ट न धरता गिरमिटाचा करार दुसऱ्या मालकाकडे वळवून घेतला. बालसुंदरम सुटला, हे खरे. पण मॅजिस्ट्रेटने मारणाऱ्याला दोषी ठरवले, तरी तो गिरमिटातून सुटला नाही. मला इथे मिटवामिटवीची मर्यादा दिसते. गांधीजी मात्र तिथे रेंगाळत नाहीत.

दुसरा प्रश्न हिशेबाच्या चुकीच्या खटल्याचा. लवादाच्या निवाड्यात अशिलाच्या फायद्याची एक चूक राहिली होती. ज्येष्ठ वकील म्हणाले, कबूल करू नका. गांधीजी म्हणाले, कबूल करू. आणि अशिलाची संमती घेऊन त्यांनीच कोर्टापुढे बाजू मांडली. निवाडा कायम राहिला. पण तो फिरला असता तर? अशिलाच्या पैशावर वकिलाने सत्याचा प्रयोग करावा का? माझे मत असे, की संमती घेतली म्हणूनच तो प्रयोग शोभतो. संमतीचा हा धागा त्यांनी अधिक ठळक करायला हवा होता.

१९०९ च्या 'हिंद स्वराज्य'मध्ये याच लेखकाने वकील भांडणे वाढवतात असा कठोर ठपका ठेवला. आत्मकथा त्या ठपक्यापेक्षा जास्त न्यायी आहे, कारण चांगली वकिली कशी असते हे ती करून दाखवते.

आज दिवाणी संहितेचे कलम ८९ तडजोडीची वाट दाखवते, लोकअदालती भरतात आणि २०२३ साली मध्यस्थीचा कायदाही झाला. वाट आहे; ती पक्षकाराला त्याच्या भाषेत सांगणारा माणूस हवा. १९२४ साली गांधीजी आमच्या बेळगावात काँग्रेसचे अध्यक्ष म्हणून आले, त्याचा अभिमान आम्ही मिरवतो. त्यांची वकिलीची ही पाने तेवढ्याच अगत्याने वाचावीत, असे वाटते.

या दिवाळीत मी फराळाचा डबा घेऊन चुलत्यांच्या दारात जाणार आहे. निकालाची प्रत घरीच राहील.