गोळी रुतलेले बायबल

‘बुलेट इन अ बायबल’ हे नाव वाचून एखादा ख्रिस्ती पालक दचकला, तर नवल नाही. ‘ग्रीन डे’ या अमेरिकन पंक रॉक वाद्यवृंदाच्या मैफलींचे हे चित्रण २००५ च्या नोव्हेंबरमध्ये प्रसिद्ध झाले. रविवारच्या मिस्सेत गिटार वाजविणारी आपली मुले इतर दिवशी याच वाद्यवृंदाची गाणी छेडतात. म्हणून हे चित्रण आपण डोळसपणे पाहिले पाहिजे.

नावामागे धर्मनिंदा नाही. लंडनच्या इम्पीरियल वॉर म्युझियममध्ये या कलावंतांनी बंदुकीची गोळी रुतलेले एक बायबल पाहिले. त्यावरून हे शीर्षक आले.

इंग्लंडमधील मिल्टन कीन्स येथे १८ व १९ जून २००५ रोजी झालेल्या या दोन मैफलींना मिळून सुमारे १,३०,००० श्रोते होते. सत्तरच्या दशकात न्यूयॉर्क व लंडन येथे पंक संगीत वाढले ते लहानशा सभागृहांत. मोजके स्वर, आखूड गाणी, आणि गायक व श्रोता यांच्यात अंतर नाही, ही त्याची ओळख. येथे मात्र बिली जो आर्मस्ट्राँग कळपाच्या वृत्तीवर कोरडे ओढतो आणि त्याच्याच एका इशाऱ्यावर हजारो हात वर जातात. ही विसंगती या चित्रणाचा मोठा दोष आहे. दिग्दर्शक सॅम्युअल बेयर यांनी गाण्यांच्या मधोमध मुलाखती पेरल्यामुळे चढत गेलेला भावही वारंवार तुटतो. शिवराळ भाषा आहे, हेही पालकांना सांगितले पाहिजे.

‘जीझस ऑफ सबर्बिया’ हे नऊ मिनिटांहून मोठे गीत आपल्याला खटकेल. परंतु त्यातला नायक प्रभू येशू नव्हे. तो उपनगरातील एक दिशाहीन मुलगा आहे, ज्याला विश्वास ठेवावा असे काहीच उरलेले नाही. असे मुलगे आपल्याही इमारतींतून राहतात.

सर्वांत हृदयस्पर्शी आहे ‘वेक मी अप व्हेन सप्टेंबर एंड्स’. आर्मस्ट्राँग दहा वर्षांचा असताना, १९८२ च्या सप्टेंबरात, त्याचे वडील कर्करोगाने वारले; त्या दुःखातून हे गीत जन्मले. बेयर यांनीच केलेल्या त्याच्या व्हिडिओत एक प्रेमी युगुल व इराकचे युद्ध येते. कथा प्रभावी आहे. पण तिच्या गर्दीत पोरका मुलगा हरवतो. रंगमंचावर कथा नाही, युद्धाची दृश्ये नाहीत. म्हणून तेथे तो मुलगा पुन्हा सापडतो. व्हिडिओने झाकलेले प्रत्यक्ष गायनाने उघडे केले, हे या संग्रहाचे खरे मोल.

आक्रोश आपल्याला परका नाही. स्तोत्रसंहितेतील ८८ वे स्तोत्र अंधारातच संपते, तरी पवित्र सभेने ते गाळले नाही. फरक एवढाच की स्तोत्रकर्त्याचा संताप कोणाला तरी उद्देशून आहे. या गाण्यांतला संताप बहुधा रिकाम्या आकाशाकडे जातो.

खिशातल्या बायबलने एखाद्या वेळी गोळी अडविली असेल. पण ती झाडणारा हात अडवायचा, तर ते ग्रंथवचन खिशातून हृदयात उतरावे लागते. ते उतरले नाही, हीच या तरुणांची तक्रार आहे. मुलांच्या हातून हे चित्रण हिसकावून घेण्यापूर्वी पालकांनी ते एकदा त्यांच्याशेजारी बसून पाहावे, आणि नंतर थोडा वेळ त्यांचे ऐकून घ्यावे.