चौर्य, स्वामित्व आणि वाचक

कर्जत स्थानकास लागून असलेल्या भिसेगावाहून मुंबईस निघालेल्या प्रवाशाशेजारी बसावे, म्हणजे त्याच्या हातातील भ्रमणध्वनीवर नुकताच प्रदर्शित झालेला चित्रपट फुकट चाललेला पुष्कळदा दृष्टीस पडतो. याच टापूत, चौक-कर्जत रस्त्यावर, कै. नितीन देसाई यांनी २००५ साली चित्रपटनिर्मितीसाठी भव्य कलागृह उभारले. निर्मिती आणि अपहार यांचा इतका निकटचा शेजार अन्यत्र क्वचितच असेल. अपहारास 'ज्ञानप्रसार' असे सोज्ज्वळ नाव देणाऱ्यांशी आमचे मुळीच जमत नाही. २०१६ साली 'सैराट'ची प्रत आंतरजालावर फुटली, तरी त्याने विक्रमी उत्पन्न मिळविलेच, हा त्यांचा आवडता दाखला. परंतु घर फुटल्यावरही धनिक उपाशी राहिला नाही, एवढ्यावरून घरफोडी निर्दोष ठरत नाही. आणि ज्या ग्रंथकाराची लहानशी आवृत्ती खपावयास वर्षे लोटतात, त्याची गोष्ट तर निराळीच.

तथापि या रोगावर योजिलेले औषध पाहिले म्हणजे मन साशंक होते. महाराष्ट्रात १९८१ चा एक अधिनियम आहे. झोपडपट्टीदादा, हातभट्टीवाले आणि औषधीद्रव्यविषयक गुन्हेगार यांच्यासाठी तो झाला. २००९ साली 'दृकश्राव्य कलाकृतींचे विनापरवाना प्रदर्शन करणाऱ्या व्यक्ती' यांसही त्याच पंक्तीस बसविण्यात आले. अधिनियमाचे शीर्षक एका श्वासात वाचून दाखविणाऱ्या विद्यार्थ्यास आम्ही आनंदाने पूर्ण गुण देऊ! परंतु हा केवळ भाषेचा विनोद नव्हे. या अधिनियमान्वये मनुष्यास खटल्याविना बारा महिन्यांपर्यंत स्थानबद्ध ठेवता येते. जो अपराध न्यायासनापुढे सिद्ध करता येण्याजोगा आहे, त्यासाठी न्यायासनास वगळण्याचे प्रयोजन काय? पुढे २०२३ साली चलच्चित्र अधिनियमात सुधारणा होऊन अशा चोरीस तीन महिने ते तीन वर्षे कारावास आणि तीन लाख रुपयांपासून निर्मितीखर्चाच्या पाच टक्क्यांपर्यंत दंड ठरला. ही शिक्षा कठोर आहे, परंतु ती खटल्यानंतरची आहे. आणि आमच्या मते सारा भेद येथेच आहे.

हा भेद मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी २०१६ साली फार चांगला जाणला. 'ढिशूम' चित्रपटाच्या निर्मात्यांनी आंतरजालावरील अनेक स्थळे बंद करण्याची मागणी केली, तेव्हा पुराव्याची छाननी झाल्यावाचून सरसकट स्थळे बंद करण्यास त्यांनी नकार दिला. बेकायदा प्रत नुसती पाहणे हा अपराध नसून तिचे वितरण वा जाहीर प्रदर्शन हा अपराध होय, असेही त्यांनी स्पष्ट केले. वितरक आणि प्रेक्षक यांस एकाच दोरीने बांधू पाहणाऱ्यांनी हे निर्णय अवश्य वाचावेत.

आता ग्रंथांकडे वळू. कारण आमच्या वाचकांचा खरा संबंध तेथे आहे. रवींद्रनाथ १९४१ साली निवर्तले आणि आमचे भा. रा. तांबेही त्याच वर्षी. रवींद्रनाथांच्या ग्रंथांचे स्वामित्व विश्वभारतीकडून सुटू नये म्हणून १९९१ च्या डिसेंबरअखेर पन्नास वर्षांची मुदत साठ वर्षे करण्यात आली. त्याबरोबर, ज्यांच्यासाठी कोणी काही मागितले नव्हते, त्या तांब्यांची कविताही आणखी दहा वर्षे बंदिस्त राहिली. मोठ्या संस्थेच्या हितासाठी घातलेले कुंपण लहानांच्या शेतावरून कसे जाते, याचे याहून बोलके उदाहरण आम्हांस ठाऊक नाही. ज्यांचे ग्रंथ कोणी पुन्हा छापीतच नाही, अशा लेखकांस तर या दीर्घ मुदतीने पैही मिळत नाही. वाचक मात्र ग्रंथास मुकतो.

वस्तुतः १९५७ च्या कायद्याच्या ३१व्या कलमात यावर उपाय आहे. धन्याने ग्रंथाचे पुनर्मुद्रण नाकारल्यामुळे तो लोकांस अलभ्य झाला, तर योग्य मोबदला देऊन तो छापण्याचा परवाना मागता येतो. परंतु दुर्मीळ ग्रंथाची छायाप्रत शंभर मित्रांस धाडणारे सद्गृहस्थ आणि त्यांस चोर म्हणणारे प्रकाशक, या दोघांच्याही वादविवादात या कलमाचा उल्लेख आम्हांस क्वचितच आढळला आहे.