हावेलचा संचालक आणि हावेलचा भाजीवाला

सरकारविरुद्धचा असंतोष वाङ्मयाचा विषय होतो, तेव्हा त्याला बहुधा दोन प्रकारांनी मरण येते. एक तर तो घोषणेत विरून जातो, नाही तर ज्या सरकारविरुद्ध तो उभा असतो ते सरकार कोसळताच तोही शिळा होतो. १९५६ च्या हंगेरीपासून १९८९ पर्यंत पूर्व युरोपात जे लेखन राजवटींच्या रोषास पात्र झाले, त्यांतील पुष्कळसे आज केवळ इतिहासाचे साधन म्हणून चाळले जाते. ह्याला जे थोडे अपवाद आहेत त्यांत व्हात्स्लाव हावेलचे एक नाटक घालावे लागेल. १९६५ साली प्रागच्या 'ना झाब्राद्ली' ह्या लहानशा नाट्यगृहात ते प्रथम झाले. व्हेरा ब्लॅकवेलच्या इंग्रजी भाषांतरातून ते 'मेमोरँडम' ह्या नावाने बाहेरच्या जगाला ठाऊक झाले.

ह्या नाटकाविषयी एक मत रूढ होऊन बसले आहे. नाटक म्हणजे साम्यवादी नोकरशाहीचा मार्मिक उपहास. आणि हावेलचे खरे चिंतन पाहायचे तर त्याच्या १९७८ च्या 'सत्ताहीनांची सत्ता' ह्या दीर्घ निबंधाकडे वळावे. निबंध थोर आहे ह्याविषयी वाद नाही. परंतु निबंध जेथे थांबतो त्याच्या पुढची एक गोष्ट ह्या नाटकाने तेरा वर्षे आधीच पाहिली होती, असे मला वाटते. त्याच दृष्टीने येथे दोन्ही कृतींचा विचार करावयाचा आहे.

नाटकाचे कथानक सांगायला सोपे आहे. ग्रॉस हा एका संस्थेचा संचालक. ही संस्था नेमके काय काम करते हे शेवटपर्यंत कळत नाही, आणि तेथे कोणाला त्याची फिकीरही नाही. एके सकाळी त्याला एक कार्यालयीन पत्र येते. ते 'प्तिदेपे' नावाच्या एका नव्या, कृत्रिम भाषेत असते. ही भाषा त्याच्या उपसंचालकाने त्याच्या नकळत संस्थेत आणलेली आहे. पत्रात काय आहे हे कळण्यासाठी ग्रॉस भाषांतर विभागात जातो. भाषांतराला परवानगी लागते. परवानगीला कागदपत्रे लागतात. आणि ज्याला नुकतेच असे पत्र आले आहे त्याला ती कागदपत्रे मिळत नाहीत. म्हणजे आपल्या पत्रात काय आहे हे ज्याला आधीच ठाऊक आहे, त्यालाच ते वाचून मिळणार. ह्या चक्रात फिरताफिरता ग्रॉसची खुर्ची जाते आणि भिंतीतल्या पोकळीत बसून कर्मचाऱ्यांवर नजर ठेवण्याच्या कामावर त्याची नेमणूक होते.

ह्या भाषेची कल्पना विनोदी आहे, पण ती नुसती विनोदासाठी आलेली नाही. प्तिदेपेचा हेतू उदात्त आहे: कार्यालयीन भाषेतील सगळी संदिग्धता नाहीशी करणे. त्यासाठी एक शब्द दुसऱ्यासारखा भासू नये अशी रचना केलेली आहे. जो शब्द क्वचित लागतो तो लांब, जो वारंवार लागतो तो आखूड. त्यामुळे वॉम्बॅट ह्या प्राण्याला ३१९ अक्षरांचा शब्द मिळतो. भाषा शास्त्रशुद्ध आहे. अडचण एवढीच की ती कोणाला बोलता येत नाही. राज्यकर्त्यांचा मूर्खपणा दाखविणारे उपहासकार पुष्कळ झाले. हावेलने दाखविला आहे तो राज्यकर्त्यांचा तर्क, आणि तो प्रत्येक पायरीवर बिनचूक आहे. म्हणून हसताहसता भीती वाटू लागते.

परंतु नाटकाचा गाभा ह्याहून वेगळा आहे. मारिया नावाची एक साधी चिटणीस मुलगी ग्रॉसची दया येऊन, परवानगीवाचून, ते पत्र त्याला वाचून दाखविते. पत्रात प्तिदेपे रद्द करावी असे लिहिलेले असते आणि तिला विरोध केल्याबद्दल ग्रॉसची वाखाणणी केलेली असते. ग्रॉस आपल्या जागी परत येतो. उपसंचालक चूक कबूल करतो आणि आपल्या जागी राहतो. 'खोरुकोर' नावाची दुसरी भाषा येते. तिच्यात शब्द एकमेकांसारखे असतात एवढाच काय तो फरक. दरम्यान बेकायदा भाषांतर केल्याबद्दल मारियाला कामावरून काढलेले असते. ती ग्रॉसकडे जाते. तिच्यासाठी आपल्याला काहीही करता येणार नाही, कारण उरलेसुरले भले करण्यासाठी आपली जागा टिकली पाहिजे, असे तो तिला सांगतो. हे तो फार सुंदर शब्दांत सांगतो. आधुनिक माणसाच्या तुटलेपणावर तो जवळजवळ व्याख्यानच देतो. आणि मारिया त्या सुंदर बोलण्याने भारावून निघून जाते. मंडळी जेवायला जातात.

ह्या प्रसंगाने नाटकाची पातळीच बदलते. तोपर्यंत आपण प्तिदेपेला हसत होतो. आता ध्यानात येते की ग्रॉसची माणुसकीची भाषा हीदेखील एक प्तिदेपेच आहे, आणि ती अधिक घातक आहे. कारण ती सर्वांना कळते आणि गोड लागते.

आता निबंधाकडे वळू. दोन्हींच्या मध्ये १९६८ चा ऑगस्ट आहे, वॉर्सा कराराच्या फौजांचे रणगाडे आहेत, आणि 'सनद ७७' आहे. त्या सनदेच्या प्रवक्त्यांपैकी एक, तत्त्वज्ञ यान पातोच्का, पोलिसी चौकशांच्या ताणानंतर मार्च १९७७ मध्ये निवर्तला. निबंध त्याच्या स्मृतीला वाहिलेला आहे. त्यातला भाजीवाला आता जगप्रसिद्ध झाला आहे. कांद्या-गाजरांच्या राशीत तो जगातील कामगारांच्या एकजुटीची पाटी लावतो. त्या मजकुराशी त्याला काही कर्तव्य नसते. 'मी आज्ञाधारक आहे, मला सुखाने जगू द्या' एवढाच त्या पाटीचा अर्थ. एके दिवशी तो ती लावायचे सोडतो, आणि असत्यावर उभारलेल्या इमारतीला तडा जातो. त्याची नोकरी जाईल, मुलांच्या शिक्षणाची वाट अडेल, हे हावेल लपवीत नाही. १९७९ ते १९८३ तो स्वतः तुरुंगात होता, तेव्हा किंमत सांगण्याचा अधिकार त्याला होता.

तथापि निबंधाची श्रद्धा अशी की मोजलेली किंमत वाया जात नाही. १९८९ च्या नोव्हेंबरात ही श्रद्धा खरी ठरल्यासारखी दिसली. नाटक मात्र असे आश्वासन देत नाही. भाजीवाल्याची कृती सर्वांना दिसते. मारियाची कृती ज्याच्या उपयोगी पडली तोच तिला विसरतो. असंतोषाचे फळ कोणाच्या पदरात पडते, हा प्रश्न निबंधाने बाजूला ठेवला. नाटकाचा शेवट त्या प्रश्नाशिवाय दुसऱ्या कशाचाच नाही.

नाटकात उणिवा आहेत. मारिया सोडल्यास त्यातील स्त्रिया ठोकळेबाज आहेत. पुनरुक्ती हे त्याचे तंत्र असले, तरी मधल्या प्रवेशांत ते यंत्रासारखे खडखडते, आणि प्रेक्षक नाटककाराच्या एक पाऊल पुढे जातो. शेवटचा प्रसंग नसता, तर ही एक चतुर रचना एवढेच म्हणून थांबावे लागले असते.

पुढे हावेल स्वतःच संचालकाच्या खुर्चीत बसला. १ जानेवारी १९९० च्या भाषणात, आपला देश भरभराटीत नाही आणि मी खोटे बोलावे म्हणून तुम्ही मला येथे आणलेले नाही, अशा आशयाचे तो राष्ट्राध्यक्ष म्हणून बोलला. त्या क्षणी त्याला आपला ग्रॉस आठवला असेल काय? मला वाटते, आठवला असावा. ज्याने तो लिहिला, त्याला ती खुर्ची माणसाचे काय करते हे पुरते ठाऊक होते.

राजवट गेली, निवडणुका आल्या, तरी असंतोष गेला नाही. प्रागच्या ज्या लेत्ना मैदानावर १९८९ मध्ये लोक जमले होते, तेथेच जून २०१९ मध्ये आयोजकांच्या अंदाजाने अडीच लाख माणसे त्या वेळच्या निर्वाचित पंतप्रधानाचा राजीनामा मागत उभी राहिली. सर्बियात १ नोव्हेंबर २०२४ रोजी नोव्ही साद येथील रेल्वे स्थानकाचे छत कोसळून माणसे मेली, तेव्हा विद्यार्थ्यांच्या मागण्यांत अग्रभागी कोणती मागणी होती? स्थानकाच्या नूतनीकरणाची सर्व कागदपत्रे उघड करा, ही. आपल्याच मृत्यूविषयीचा कागद आपल्याला वाचता येऊ नये, ह्याचा तो संताप होता. ग्रॉसच्या हातातले न वाचता येणारे पत्र येथे पुन्हा दिसते.

म्हणून हे नाटक साम्यवादाबरोबर शिळे झाले नाही. ते आपल्याला सरकारविषयी सावध करतेच. पण त्याहून अधिक सावध करते ते, आपल्या बाजूचा माणूस खुर्चीवर परतून छान बोलू लागतो त्या वेळेसाठी. त्या वेळी मारिया कोठे गेली, हे विचारायचे असते.