हुडी आणि भेगाळलेली जमीन

यवतमाळच्या एखाद्या कॉलेजातल्या पोरांनी रॅपचा व्हिडिओ काढायचं मनावर घेतलं, की पहिल्या बैठकीतच अर्धं ठरून जातं. काळी हुडी, कुणाच्या तरी काकाची गाडी, रंगीत धूर, ड्रोन. एप्रिलचा महिना, पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीस, आणि अंगात हुडी! मराठी रॅपचं सध्या असंच झालंय. कानाला तो बराच पुढे गेलेला जाणवतो, डोळ्यांना मात्र अजून उसन्या कपड्यांत दिसतो.

गंमत म्हणजे ही कला निघालीच मुळी कपड्यांच्या पैशांतून. ११ ऑगस्ट १९७३ ला न्यूयॉर्कच्या ब्राँक्समध्ये सिंडी कॅम्पबेल या मुलीने शाळेसाठी नवे कपडे घेता यावेत म्हणून तिकीट लावून पार्टी ठेवली आणि तिच्या भावाने, डीजे कूल हर्कने, तिथे रेकॉर्ड वाजवल्या. हिप-हॉपचा वाढदिवस तो. आपल्याकडे २०१९ च्या ‘गली बॉय’नंतर मुंबईची गल्ली हाच नमुना ठरला आणि गल्ली नसलेल्या गावांतली पोरंही गल्ली शोधू लागली. २०२३ मध्ये पुणे विद्यापीठाच्या मुख्य इमारतीत एका तरुणाने परवानगीशिवाय रॅप चित्रित केला. शिवीगाळ, तलवार, पिस्तूल, दारूची बाटली. गुन्हा दाखल झाला, चर्चा परवानगीची आणि संस्कृतीची झाली. माझी तक्रार निराळी आहे. एवढी बंडाची हौस, आणि मांडलेलं सामान मात्र सगळं इतरांच्या व्हिडिओंतलं.

साचा मोडलेली कामं आहेत. ‘स्वदेसी’ या मुंबईच्या गटाने ‘द वारली रिव्होल्ट’मध्ये आरेचे आदिवासी कार्यकर्ते प्रकाश भोईर यांनाच सोबत घेतलं. त्यामुळे आरेचं जंगल मागच्या पडद्यासारखं न राहता गाण्यात बोलू लागतं. महादेव कोळी समाजातली माही जी, म्हणजे मधुरा घाणे, आदिवासींच्या प्रश्नांवर स्वतः माइक धरते. रॅपच्या व्हिडिओत बाईने गाडीला टेकून उभं राहायचं असतं, हा नियम तिथे आपोआप निकालात निघतो. आणि यवतमाळच्या पोरांना फार लांब जायचीही गरज नाही. शेजारच्या अमरावतीतून ‘हंड्रेड आरबीएच’ म्हणजे सौरभ अभ्यंकर ‘हसल’ या टीव्हीवरच्या रॅप स्पर्धेच्या तिसऱ्या पर्वापर्यंत पोचला, विपिन तातड आंबेडकरी विचार रॅपमध्ये मांडतो. ज्या मातीत भीमगीतं आणि शाहिरांचे सवाल-जवाब रात्र-रात्र चालले, तिथे शब्दांची झटापट कुणाला शिकवावी लागत नाही.

पण यवतमाळला आणखी एक साचा दबा धरून बसलाय आणि तो गाडी-चेनपेक्षा घातक आहे. महागाव तालुक्यातल्या चिलगव्हाणचे शेतकरी साहेबराव करपे यांनी १९८६ मध्ये कुटुंबासह जीवन संपवलं. त्यानंतरच्या दशकांत बाहेरून येणाऱ्या प्रत्येक कॅमेऱ्याने जिल्ह्याचं एकच चित्र नेलं: दोर, भेगाळलेली जमीन, रडणारी बाई. काळी माती उन्हाळ्यात सुकून आकसते आणि भेगा पडतातच, पीक सोळा आणे आलेल्या वर्षीसुद्धा. म्हणजे ज्याला शहरातला दिग्दर्शक दुष्काळ म्हणतो, तो पुष्कळदा नुसता एप्रिल असतो. हुडी काढून पोरांनी हेच चित्र अंगावर घेतलं, तर एक साचा जाऊन दुसरा आला, एवढंच.

वाट दाखवणारं उदाहरण जिल्ह्यातच आहे. कळंब तालुक्यातल्या राजूरच्या वैशाली येडे. पती शेतकरी, त्यांनी आत्महत्या केलेली. ‘तेरवं’ नाटकात त्या रंगमंचावर उभ्या राहिल्या आणि जानेवारी २०१९ मध्ये यवतमाळच्या साहित्य संमेलनाचं उद्घाटनही त्यांनीच केलं. कुणी आपल्यावर चित्र काढावं म्हणून त्या थांबल्या नाहीत, स्वतः बोलल्या. व्हिडिओची पटकथा लिहिताना प्रत्येक दृश्यासमोर एकच प्रश्न टाकावा: यात दिसणारं माणूस बोलतंय, की त्याला नुसतं दाखवलंय?

नियोजनाचं खरं काम इथून पुढे. ड्रोनचे पैसे वाचवून एक दणकट स्पीकर आणावा, कारण सेटवर गाणं मोठ्याने वाजलं नाही तर ओठ आणि शब्द जुळत नाहीत. स्लो मोशन हवं असेल, तर गाणं दुप्पट वेगाने वाजवून तसंच म्हणायचं, चित्र दुप्पट फ्रेमने टिपायचं आणि निम्म्या वेगाने दाखवायचं. ठेका विकत कशाला? पाठीवरच्या फवारणी पंपाच्या दांड्याची खटखट रेकॉर्ड करा. २०१७ मध्ये फवारणीच्या विषबाधेने या जिल्ह्यात वीसवर माणसं गेली. तो आवाज इथल्या कानांना वेगळाच ऐकू येईल. शूटिंग कापूस वेचणीच्या दिवसांत ठेवावं. वेचणी बहुतेक बायांच्याच वाट्याला. तेव्हा ओटीत कापूस भरणारा मुलगा आणि काट्यापाशी उभी राहून कट्टीचा, म्हणजे वजनातल्या कपातीचा, हिशेब रॅपमध्ये मागणारी मुलगी, एवढ्या अदलाबदलीनेही पडदा हलेल. शकुंतला रेल्वेच्या ओसाड रुळांवर जायचा मोह सगळ्यांनाच होईल. तोही साचाच, टाळलेला बरा.

राहिली भाषा. मराठी वाक्य क्रियापदावर संपतं, म्हणून यमकं ‘-तो’, ‘-ला’ यांतच अडकून बसतात. इथल्या वऱ्हाडीत ‘ळ’चा ‘य’ होतो: ‘डोयाले काया दिसते’ म्हटलं, की ‘काया’शी ‘माया’ जुळते, ‘छाया’ जुळते. पुस्तकी मराठीला न सापडणारी यमकं इथे फुकट मिळतात. अडचण एकच. टीव्हीने वऱ्हाडीला विनोदाच्या खुर्चीत बसवून ठेवलंय, त्यामुळे पहिल्या ओळीला पुण्या-मुंबईचा प्रेक्षक हसणार, हे धरूनच चालावं. पहिल्या कडव्यात एकही विनोद ठेवू नये. हशा ओसरेपर्यंत दुसरं कडवं सुरू झालेलं असेल. कट्टीचा हिशेब तिथे मांडावा.