संकटांतील व्याजदर आणि जालन्याची पेठ

रिझर्व्ह बँकेचे माजी गव्हर्नर दुव्वुरी सुब्बाराव यांचा 'हू मूव्ह्ड माय इंटरेस्ट रेट?' हा २०१६ सालचा इंग्रजी ग्रंथ अर्थशास्त्राचें भय बाळगणाऱ्यानेंही वाचावा असा आहे. ५ सप्टेंबर २००८ रोजीं त्यांनीं सूत्रें हातीं घेतलीं. दहाच दिवसांत अमेरिकेंतील लेहमन ब्रदर्स ही पेढी बुडाली. इतर बँकांस अल्प मुदतीचें कर्ज देण्याचा रिझर्व्ह बँकेचा दर, म्हणजे रेपो, तेव्हां ९ टक्के होता. एप्रिल २००९ पर्यंत तो ४.७५ वर आला. अपुऱ्या माहितीवर असे निर्णय कसे घ्यावे लागतात, हें ग्रंथकारानें आढ्यता न दाखवितां सांगितलें आहे.

औषध वेळेवर दिलें. तें आवरण्यास मात्र विलंब झाला. महागाई भडकली, आणि मार्च २०१० ते ऑक्टोबर २०११ या काळांत दर तेरा वेळां वाढवावा लागला. या आक्षेपास ग्रंथकार बगल देत नाहींत, हें त्यांस भूषणावह होय.

तथापि जालन्यासारख्या पेठेंतील वाचकाचा प्रश्न निराळा आहे. दर उतरला व बँकांनीं तो पुढें पोंचविला, तर सळयांच्या कारखानदारास भांडवल स्वस्त होतें. पण ठेवींच्या व्याजावर संसार चालविणाऱ्या निवृत्त शिक्षकाचें उत्पन्न घटतें, आणि मागाहून येणारी महागाई मजुराच्या ताटांतील डाळ पातळ करते. संकटाचा उपचार सर्वांच्या नांवानें होतो, त्याचें देणें मात्र सारखें वांटलें जात नाहीं. या हिशेबास ग्रंथांत अधिक जागा हवी होती.